बादलीतलं कासव कोणत्या कुळातलं? आधी पाय बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. सांगलीत, नदीपासून अर्धा-पाऊण किलोमीटरवर तुमची सोसायटी. परवा रात्रीच्या पावसात पार्किंगमध्ये एक कासव चालत आलं. वॉचमननं ते उचलून दिलं, तुम्ही बादलीत पाणी भरून त्यात ठेवलंत. मुलांनी बारसंही उरकलं. भात टाकला, पोळी टाकली, ते तोंड लावेना. मग तुम्ही मोबाइलवर कासवांचे प्रकार शोधायला बसलात आणि शेकडो चित्रं बघून गोंधळलात. म्हणून विचारलंत, की कासवांचे एकूण प्रकार आणि कुळं किती, आणि आमचं त्यातलं कोणतं?

प्रकारांवर येतोच, पण त्याआधी एक काम करा. बादलीतलं पाणी ओतून टाका. तळाला ओलं गोणपाट किंवा जुना टॉवेल घाला, त्यावर कासव ठेवा, वरून जाळी किंवा पाट ठेवून सावलीत ठेवा. मग पुढचं वाचा.

हे एवढ्या घाईनं सांगण्याचं कारण आपल्या भाषेत आहे. मराठीत सगळ्याला एकच शब्द, कासव. समुद्रातलं, विहिरीतलं, माळरानावरचं, देवळात गाभाऱ्यासमोर फरशीत बसवलेलं, सगळी कासवंच. आणि कासव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येतं. इंग्रजीत निदान जमिनीवरच्याला वेगळं नाव आहे. आपल्याकडे ते नसल्यामुळे माणसं चांगल्या मनानं चुकीच्या ठिकाणी सोडून येतात. मीही सोडलं आहे, ते पुढे सांगतो. पाण्यातलं कासव एखादा दिवस ओल्या गोणपाटावर राहिलं तर त्याला काही होत नाही. जमिनीवरचं कासव भरल्या बादलीत रात्रभर राहिलं तर सकाळी मेलेलं सापडतं, कारण त्याला पोहता येत नाही आणि गुळगुळीत प्लास्टिकला धरून वर येता येत नाही. म्हणून ओळख पटेपर्यंत गोणपाट. पंचवीसेक वर्षं साप-कासवांच्या फोनवर धावतोय, समोरच्याला पहिलं वाक्य मी हेच सांगतो.

आता कुळं. जगात कासवांच्या साधारण साडेतीनशे जाती आहेत आणि त्या १४ कुळांत मांडलेल्या आहेत. त्यांची पहिली मोठी विभागणी मानेवरून होते. काही कासवं मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली, कुशीत घातल्यासारखी ठेवतात. त्यांची ३ कुळं, आणि ती दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया या बाजूला. आज आपल्याकडे त्यांच्यातलं रानात एकही नाही. उरलेली ११ कुळं मान सरळ मागे ओढतात. आत मानेच्या मणक्यांचा उभा बाक होतो आणि डोकं दोन खांद्यांच्या मधे जाऊन बसतं. भारतात रानात सापडणारी सगळी कासवं या दुसऱ्या गटातली, आणि त्यातही ५ कुळांतली: मऊ पाठीच्यांचं एक, कठीण पाठीच्या गोड्या पाण्यातल्यांचं एक, जमिनीवरच्यांचं एक, आणि समुद्रातल्यांची दोन. म्हणजे तुम्हाला १४ कुळांत शोधायचंच नाही. सांगलीच्या पार्किंगमधल्या कासवासाठी तीनच पुरतात. फार तर एक परदेशी पाहुणा धरा, म्हणजे चार.

आणखी एक गोष्ट, कारण मुलं हमखास विचारतात. कासव कवचातून बाहेर येत नाही. ते त्याचं घर नाही, त्याचा सांगाडाच आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा पसरून, जुळून ती ढाल झालेली असते. त्यामुळे गाडीच्या चाकाखाली कवच तडकलं तर ते हाड मोडलेलं असतं, त्याला प्राण्यांचा डॉक्टर लागतो. फेव्हिक्विक लावून आणलेली कासवं मी पाहिली आहेत. असं करू नका, आत जंतू कोंडले जातात.

ओळखताना बहुतेक लोक पाठीचा रंग बघतात. मी रंगाकडे सगळ्यात शेवटी बघतो. चिखल, शेवाळ, वय, ऊन, सगळ्यानं रंग बदलतो. मी कासव हातात घेतलं की पाय बघतो आणि नखं मोजतो. प्रत्येक पायाला तीनच नखं, म्हणजे चार पायांची मिळून १२, तर ते मऊ पाठीच्या कुळातलं. त्या कुळाचं शास्त्रीय नावच तीन नखांवरून पडलं आहे. पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, म्हणजे सहसा १८, तर ते कठीण पाठीचं. मग मागचा पाय बघायचा. बोटांमध्ये पडदा असेल तर पाण्यातलं. पाय हत्तीच्या पायासारखा खांब असेल, बोटं वेगळी दिसतच नसतील आणि नखं खांबाच्या बुडाला चिकटवल्यासारखी असतील, तर जमिनीवरचं. आणि पायाच्या जागी वल्हं असेल, त्यावर एखाद-दुसरंच नख, तर समुद्रातलं. ते तुमच्या पार्किंगमध्ये येणार नाही.

नखांवरून आठवलं. 'वीस नखी कासव' लाखो रुपयांना जातं, गुप्तधन दाखवतं वगैरे सांगणारे लोक आपल्या भागात फिरतात. वर सांगितलेला हिशोब बघा, साधारण कासवाला वीस नखं भरतच नाहीत. गिऱ्हाइकाला न मिळणारी वस्तू मागायची आणि त्याला वर्षभर फिरवायचं, असा तो धंदा आहे. यापायी बिचाऱ्या शेकडो कासवांची नखं मोजून, वजनं करून त्यांना पोत्यात कोंबलं जातं. तुमच्याकडे कासव आहे हे सोसायटीबाहेर फार पसरू देऊ नका. व्हॉट्सॲपवर टाकलेले फोटो काढून टाका.

आता तुमच्या फोटोकडे येतो. तो वरून काढलाय, पाणी गढूळ आहे, त्यामुळे नखं दिसत नाहीत. पण पाठ गोल, गुळगुळीत, शेवाळी-तपकिरी दिसते आणि तिच्यावर फरशा बसवल्यासारखे चौकोन नाहीत. पाण्याबाहेर आलेलं नाकाचं टोक बारीक नळीसारखं, डुकराच्या सोंडेसारखं आहे. यावरून मी जवळजवळ पैजेवर सांगेन की ते मऊ पाठीच्या कुळातलं फ्लॅपशेल कासव आहे. आपल्या तळ्यांत, ओढ्यांत, कॅनॉलमध्ये, भातखाचरांत सगळ्यात जास्त दिसणारं हेच.

खात्री पोटाकडून होते. ते उचलताना मात्र नीट. या कासवाची मान तुम्हाला वाटते त्याच्या दुप्पट लांब असते आणि ती कवचाच्या कडेवरून मागे फिरते. बर्गरसारखं दोन्ही बाजूंनी मधोमध धरलंत तर अंगठा जाईल. कवचाच्या मागच्या भागाला, मागच्या दोन पायांच्या वर दोन्ही हातांनी धरा, स्वतःपासून लांब आणि जमिनीपासून वीतभरच वर. मुलांना मागे उभं करा. क्षणभर तिरपं करून बघा: पोट फिकट, पांढुरकं-पिवळट असेल, आणि मागच्या पायांच्या जागी दोन्हीकडे कातडीच्या दोन झडपा दिसतील. पाय आत ओढले की झडप दारासारखी त्यावर बंद होते. याच झडपांवरून त्याला फ्लॅपशेल म्हणतात. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा दहा मिनिटं नुसतं पाय बाहेर-आत, झडप उघड-बंद बघत बसलो होतो. कासव वैतागलं असणार. तुम्ही एकदाच बघा, फोटो काढा आणि खाली ठेवा.

मग ते पार्किंगमध्ये कसं आलं? हे लोकांना फार गूढ वाटतं, शुभशकुनही वाटतो. कारण साधं आहे. उन्हाळ्यात डबकी-तळी आटली की फ्लॅपशेल चिखलात गाडून घेऊन पडून राहतं. पाऊस झाला, जमीन भिजली की वर येतं आणि नवं पाणी शोधत चालायला लागतं. पूर्वी तुमच्या सोसायटीच्या जागी बहुतेक पाणथळ रान किंवा ओढ्याचा काठ असणार. कासवाची वाट तीच आहे, मधे पार्किंग आलं. २०१९ च्या महापुरानंतर तर नदीकाठच्या भागांतून असे फोन कितीतरी दिवस येत होते.

भात का खात नाही, तेही यातच आलं. रानात ते बेडूक, गोगलगायी, मासे, किडे, मेलेली जनावरं आणि थोडी पाणवनस्पती खातं. शिवाय घाबरलेलं कासव पाण्याबाहेर, उजेडात, पोरांच्या गराड्यात काहीच खाणार नाही. खाऊ नका घालू. एक-दोन दिवस उपाशी राहिल्यानं त्याचं काही बिघडत नाही. कुजलेल्या भाताच्या पाण्यात राहिल्यानं बिघडतं.

याच कुळात आपल्या नद्यांमध्ये याची थोरली भावंडंही आहेत. एकाचं शास्त्रीय नाव 'लीथी'. मुंबईत डॉक्टर असलेल्या लीथ यांच्या नावावरून १८७२ मध्ये ते ठेवलं गेलं, आणि ज्या नमुन्यावरून जातीचं वर्णन झालं तो पुण्याचा होता. त्याच्या पिल्लांच्या पाठीवर डोळ्यांसारखे चार-सहा गोल ठिपके असतात, मोठेपणी ते पुसट होतात. द्वीपकल्पाच्या नद्यांखेरीज हे कासव जगात कुठेच नाही. ते आज अतिधोक्यात आहे, आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या २०२२ च्या बैठकीत भारताच्याच प्रस्तावावरून त्याला सगळ्यात कडक यादीत टाकलं गेलं. वाळूउपसा आणि जाळी, दोन्हींचा त्याला मार बसतो. अंडी नदीकाठी घालतात आणि काठ उरत नाही. तुमच्या कासवाच्या पोटाखाली झडपा नसतील आणि पाठीवर असे डोळे असतील, तर मला लगेच कळवा, कारण मग गोष्ट वेगळी आहे.

दुसरं कुळ, कठीण पाठीच्या गोड्या पाण्यातल्यांचं. भारतात सर्वांत जास्त जाती याच कुळात आहेत, पण महाराष्ट्रात तुम्हाला भेटेल ते मुख्यतः काळं कासव. पाठ काळी-तपकिरी आणि तिच्यावर पुढून मागे जाणाऱ्या तीन कण्या, म्हणजे उंचवट्याच्या रेघा. गावाकडच्या विहिरीतलं कासव म्हणजे बऱ्याचदा हेच. पाणी स्वच्छ राहतं म्हणून लोक मुद्दाम आणून सोडतात. जुन्या पायऱ्यांच्या बारवेत ठीक, ते वर येऊन ऊन खाऊ शकतं, मादी काठावर अंडी घालू शकते. सिमेंटच्या रिंगा टाकलेल्या विहिरीत मात्र ती जन्मठेप आहे. वर यायला वाटच नाही, अंडी घालायला माती नाही. याच कुळातलं तंबू कासव कृष्णा-गोदावरीच्या मोठ्या पाण्यात असतं. पाठ मधोमध छपरासारखी उंच आणि तिथे एक टोचरं टोक. ते ओंडक्यावर ऊन खात बसतं आणि चाहूल लागली की टुपकन पाण्यात जातं. पार्किंगमध्ये सापडणं अवघड.

आणि परदेशी पाहुणा, म्हणजे लाल कानपट्टीचा स्लायडर. ॲक्वेरियमच्या दुकानात नाण्याएवढं हिरवं पिल्लू मिळतं ते. हा अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातला, वेगळ्याच कुळातला. त्यालाही नखं १८ आणि बोटांत पडदा, म्हणून आपल्या कासवांशी गोंधळ होतो. डोळ्यामागचा लांबट लाल पट्टा ही खूण, पण तंबू कासवालाही डोळ्यामागे लालसर ठिपका असू शकतो, म्हणून पाठही बघा. स्लायडरची पाठ गोलसर, तिच्यावर छपराचं टोक नाही. ते पिल्लू काही वर्षांत जेवणाच्या ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, टाकीला वास मारायला लागतो आणि मग एका रविवारी घरचे लोक त्याला 'मोकळं' करायला तलावावर जातात. तिथे ते आपल्या कासवांची उन्हाची जागा, खाणं सगळं बळकावतं. जगातल्या शंभर सर्वांत वाईट घुसखोर जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तुमचं स्लायडर निघालं तर कृपा करून नदीत सोडू नका. ते पाळायला घेणारं घर किंवा केंद्र शोधू.

तिसरं कुळ जमिनीवरच्यांचं, आणि इथे मी माझी चूक सांगतो. उमेदवारीच्या काळात मला एका घरातून चांदणी कासव मिळालं होतं, त्यांना नकोसं झालेलं. घुमटासारखी पाठ, प्रत्येक फरशीवर मधून फुटलेले पिवळे किरण. मला फार आवडलं. रात्री उशीर झाला होता, म्हणून घरामागच्या सिमेंटच्या टाकीत सोडलं, कमरेइतकं पाणी होतं. सकाळी ते तळाशी होतं. पाय तेव्हाही खांबासारखेच होते, मी बघितले नव्हते इतकंच. तेव्हापासून मी पाय आधी बघतो.

चांदणी कासव रानात कोरड्या, काटेरी झुडपांच्या भागात राहतं: वायव्येला गुजरात-राजस्थानकडे, आणि दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूत. शहरातल्या सोसायटीत सापडलं तर ते कुणाच्या तरी घरातून सुटलेलं असण्याचीच शक्यता जास्त. वास्तूला चांगलं म्हणून त्याची चोरटी विक्री होते. २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. फ्लॅपशेलही त्याच अनुसूचीत, हे लक्षात घ्या. म्हणजे हौसेनं, श्रद्धेनं, कसंही घरी ठेवलं तरी गुन्हाच. सापडलेलं कासव लगेच कळवून सुपूर्द करणाऱ्याला कुणी त्रास दिलेला मी पाहिला नाही. 'दोन महिने झाले, मुलांना लळा लागलाय' म्हणणाऱ्यांची मात्र अडचण होते.

समुद्रातली दोन कुळं थोडक्यात. एका कुळात ६ जाती, दुसऱ्यात एकच, लेदरबॅक, जिच्या पाठीवर फरशाच नाहीत, चामड्यावर लांबलचक कण्या असतात. ही मान सरळ ओढणाऱ्या गटातलीच, पण यांना डोकं कवचाच्या आत घेताच येत नाही. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले. पाठीच्या मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंच्या फरशा मोजा, रिडलेला एकेका बाजूला सहसा सहा किंवा जास्त असतात, हिरव्या समुद्री कासवाला चारच. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, त्यावर स्वतंत्र लिहिता येईल. एक गंमत सांगण्यासारखी आहे: ओडिशात २०२१ मध्ये पायाला खुणेची पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं अगदी वेगळी, असं आम्ही धरून चाललो होतो. कोकणात फिरायला गेलात आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर समुद्री कासव पडलेलं दिसलं, तर ढकलून पाण्यात सोडू नका. ते दमलेलं किंवा जाळ्यानं जखमी झालेलं असतं म्हणूनच बाहेर आलेलं असतं. वनखात्याला कळवा.

बाकीची कुळं, म्हणजे अमेरिकेतली चावरी कासवं, चिखली कासवं, ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचं डुकरनाक्या कासवाचं एकट्याचं कुळ, ही मुलांना पुस्तकात दाखवा. तुमच्या बादलीशी त्यांचा संबंध नाही.

आता तुमच्या कासवाचं पुढे काय, हे दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे. परवा रात्रीच ते दिसल्या दिसल्या तुम्ही मला विचारलं असतं, आणि ते धडधाकट असतं, तर मी म्हटलं असतं की ज्या दिशेला तोंड आहे त्याच दिशेला रस्ता ओलांडून द्या आणि घरी जा. आता दोन दिवस ते बादलीत आहे, भाताच्या पाण्यात आहे, आणि पडताना-उचलताना काही लागलंय का हे फोटोतून कळत नाही. म्हणून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, पत्ता द्या, नाहीतर त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी नेऊन द्या. कवचाला तडा, नाकातून फेस, एका बाजूला कलून चालणं, डोळे सुजलेले, यातलं काही दिसलं तर फोनवर आधी तेच सांगा. मग ते सोडण्याआधी डॉक्टरकडे जाईल. गणपतीच्या तळ्यात किंवा बागेतल्या कारंज्यात सोडायचा सल्ला शेजारी देतील, तो ऐकू नका.

थोडक्यात पुन्हा: पाणी काढा, गोणपाट घाला, खायला काही नको, नखं मोजा, १९२६ ला फोन करा. कासवाला हात लावलेल्या सगळ्यांनी साबणानं हात धुवा, विशेषतः मुलांनी. कासवांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना ते जास्त त्रास देतात.

आणि मला दोन फोटो टाका, एक पोटाचा, एक मागच्या पायाचा, उजेडात काढलेले. फोन झाल्यावर टाकलेत तरी चालेल, त्यासाठी फोन थांबवू नका.